दारावरचा भोपळा

छातीत धडधडतं म्हणून सावधानराव डॉक्टरांकडे गेले आणि लाल भोपळ्याच्या बियांची पुडी घेऊन परत आले. डॉक्टरांनी नळी लावली, रक्तदाब मोजला, मशीनमधून निघालेली लांबलचक पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे हो. तुम्हाला जे झालंय ना, ते भीती. त्यावर गोळी नाही. एखादी वेल लावा आणि रोज सकाळी दहा मिनिटं तिच्याकडे बघत बसा. मन शांत होईल." पुडीसुद्धा त्यांनी स्वतःच्या खणातून काढून दिली. डॉक्टर भला माणूस, पण वेल म्हणजे काय प्रकरण असतं याची त्यांना कल्पना नसावी.

सावधानराव हे अर्थातच टोपणनाव. विमा कंपनीत अपघाती दाव्यांच्या खात्यात ते बावीस वर्षं कारकून होते. कुणाच्या डोक्यावर कुंडी पडली, कोण साबणावरून घसरलं, कुणाची बोटं दारात सापडली, हे सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच वाचायचं आणि नमुना सात नावाच्या फॉर्मात नीट भरायचं, हे त्यांचं काम. असं वाचून माणूस दुसरं काय होणार? घरात ते भिंतीला हात लावून अंघोळीला जात, लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत, आणि पंख्याच्या बरोबर खाली कुणालाही बसू देत नसत.

"अहो, नुसतं उभं राहून कुणी मरत नाही," बायको वैतागून म्हणे.

"प्रकरण चारशे बारा," सावधानराव म्हणत. "नुसता उभा होता."

डॉक्टरांनी वेल सांगितली म्हटल्यावर मात्र बायकोनं उत्साहानं जुना टब काढला, बुडाला भोकं पाडली, माती नि खत भरलं आणि तीन बिया टोचल्या. त्यातली एक उगवली. पण गॅलरी जेमतेम अडीच फूट रुंद. भोपळ्याची वेल तिथं आडवी पसरली तर नवराबायकोला दिवाणखान्यातच उभं राहावं लागलं असतं. तेव्हा वेलीनं वर चढायचं असं ठरलं. नायलॉनची जाळी आणली, तिचं खालचं टोक दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या कठड्याला बाहेरून बांधलं. वरचं टोक कशाला बांधायचं, हा प्रश्न होता.

नेमका त्याच आठवड्यात इमारतीला रंग चालला होता. फळीवर लोंबकळणारा रंगारी म्हणाला, "द्या इकडे, वर अडकवतो," आणि सावधानराव लोंबकळणाऱ्या माणसाकडे बघायचं नाही म्हणून डोळे मिटून "हो" म्हणाले. डोळे उघडले तेव्हा जाळी तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला पाच गाठी मारून बांधलेली होती आणि रंगारी इमारतीच्या मागच्या बाजूला गेला होता. तो कठडा मोठ्या बाईंचा होता.

इथे जरा थांबून मोठ्या बाईंविषयी सांगायला हवं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या. चौतीस वर्षं शाळा चालवलेली, त्यामुळे त्यांना आवाज चढवायची गरजच पडत नसे. त्या नुसत्या चष्म्यावरून बघत आणि समोरच्याला आपला गृहपाठ राहिल्याची खात्री पटे. इमारतीचे सेक्रेटरी स्वतः साठीचे, पण बाई जिन्यात भेटल्या की सिगारेट पाठीमागे लपवत. सावधानराव तर अकरा वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. बाई वरून उतरताना दिसल्या की ते भिंतीला चिकटून आपल्या बुटांकडे बघत राहत. आणि आता त्यांच्याच कठड्याला न विचारता जाळी! बायको म्हणाली, "जाऊन सांगून या." ते म्हणाले, "उद्या जातो." तो उद्या काही उजाडला नाही.

त्याआधी सेक्रेटरी उजाडले. "इमारतीच्या दर्शनी भागात बदल केलात. अर्ज लागेल," ते म्हणाले.

"भोपळ्याचा?"

"भोपळा, दोडका, काहीही असो. सोबत नकाशा जोडा. वेल कुठून निघणार, कुठे जाणार, कुठे थांबणार."

वेल कुठे थांबणार हे वेलीला तरी माहीत असतं का? पण सावधानरावांनी फूटपट्टी घेऊन रविवारभर नकाशा काढला. हिरव्या पेन्सिलीनं वेल रंगवली आणि दुसऱ्या मजल्याच्या छताशी लाल रेघ मारून 'येथे समाप्त' असं लिहिलं. अर्ज मंजूर झाला. वेलीनं तो वाचला नसावा, कारण तीन आठवड्यांत ती लाल रेघ ओलांडून वर निघाली.

फुलं आली, पिवळीधमक, पण फळ धरेना. शेजारी निवृत्त कॅशियर राहत. आयुष्यभर दुसऱ्याच्या नोटा मोजल्यामुळे असेल, त्यांना दुसऱ्याच्या प्रत्येक गोष्टीत लक्ष घालायची सवय होती. त्यांनी चष्मा लावून तपासणी केली आणि निकाल दिला, "मधमाश्या नाहीत इथे. ही नरफुलं, ही मादीफुलं. बारका ब्रश घ्या आणि सकाळी सकाळी तुम्हीच काय ते जुळवून आणा."

मग काय, पहाट झाली की सावधानराव रंगाचा ब्रश घेऊन एका फुलातून दुसऱ्या फुलात लगबग करत आणि खाली दूध घ्यायला आलेल्या बायका वर बघून तोंडाला रुमाल लावत. बायकोनं गॅलरीचा पडदा ओढून घेतला. "निदान सदरा तरी घालत जा," एवढंच ती म्हणाली.

चार फळं धरली. लिंबाएवढी झाली तेव्हा कॅशियरांनी पुढचा सल्ला दिला: उभ्या वेलीला फळाचं वजन पेलत नाही, झोळी बांधावी लागते. घरात जुनं कापड शोधलं. दोन बनियन निघाले, एक उशीचा अभ्रा निघाला, आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक पायजमा निघाला. पायजम्याच्या दोन्ही पायांच्या गाठी मारून दोन फळांची सोय झाली. दुसऱ्याच दिवशी फलकावर सेक्रेटरींची सूचना लागली: 'दर्शनी भागावर अंतर्वस्त्रे वाळत घालणाऱ्या सभासदाने समज घ्यावी.' नाव लिहिलं नव्हतं. पण खाली कुणीतरी पेन्सिलीनं पायजम्याचं चित्र काढून पट्टेसुद्धा बरोबर मोजून दाखवले होते. सावधानरावांच्या जिवाला ते फार लागलं.

एवढी शोभा होऊन ती चारही फळं पिवळी पडून एकामागून एक गळाली. खरं सांगायचं तर सावधानरावांना हायसं वाटलं. त्यांना वाटलं, सुटलो.

आणि मग एका सोमवारी ऑफिसला जाताना त्यांनी सहज मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याखाली, पानांच्या दाटीत, बिनझोळीचा, बिनब्रशचा, कुणाला न विचारता धरलेला एक भोपळा लोंबत होता. माणसाच्या डोक्याएवढा. आणि त्याच्या सरळ खाली, सावधानरावांनी तिथल्या तिथे ओळंबा धरावा तशी नजर खाली आणली, इमारतीचा मुख्य दरवाजा होता. ज्या दरवाजातून छत्तीस माणसं रोज ये-जा करत, आणि ज्यात ते स्वतः त्या क्षणी उभे होते.

त्यांनी उडी मारली ती थेट रस्त्यात. एक सायकलवाला शिव्या देत गेला.

त्या दिवसापासून माणसाची दशा झाली. जेवण जाईना. भोपळा रोज वाढत होता आणि त्याचं देठ रोज तेवढंच दिसत होतं. सावधानराव दरवाजातून डोक्यावर ब्रीफकेस धरून पळत बाहेर पडत. कुणी दारात गप्पा मारत उभं राहिलं की वरून ओरडत, "अहो, तिकडे सावलीत उभे राहा ना!" लोक म्हणत, इथेच सावली आहे. असणारच! भोपळ्याच्या वेलीचीच ती सावली होती.

"काढून टाका तो," बायको म्हणाली.

"आपल्या गॅलरीतून हात पोचत नाही. स्टुलावर चढून बाहेर वाकावं लागेल. प्रकरण एकशे सत्तर."

"मग वर जा, बाईंना सांगा, त्यांच्या गॅलरीतून काढा."

सावधानराव सहा वेळा वर गेले. पाच वेळा दारावरची पाटी वाचून खाली आले. सहाव्या वेळी बेलपर्यंत बोट नेलं, आतून चपलांचा आवाज आला, आणि ते कसे खाली आले हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नाही. काय सांगणार होते? बाई, मी तुमच्या कठड्याला न विचारता जाळी बांधली, नकाशात खोटी रेघ मारली, आणि आता तिथे जे लोंबतंय ते बहुधा तुमच्याच डोक्यात पडणार आहे? कारण हिशेब त्यांनी केला होता. बाकी माणसं वेळीअवेळी येतजात. बाई मात्र रोज सकाळी ठरल्या वेळी फिरायला निघत, दारात थांबत, छत्री झटकत आणि मगच पुढे जात. भोपळ्याला नेम धरायचा असता तर त्यानंही बाईंचीच वेळ निवडली असती.

भीती फार झाली की कोण देवाचं नाव घेतं, कोण पाणी पितं. सावधानरावांना एकच इलाज येत होता: फॉर्म भरणं. रकान्यांत बसवलं की संकट जरा आवरल्यासारखं वाटे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नमुना सात घेतला आणि अजून न झालेला अपघात सुवाच्य अक्षरात भरून काढला. वस्तू: लाल भोपळा, अंदाजे नऊ किलो. उंची: तिसरा मजला. वेळ: सकाळी साडेसहा. मृत व्यक्ती: तिसऱ्या मजल्यावरील मुख्याध्यापिका. वारस: कोणी नाही. रकाना अकरा: अपघात टाळता आला असता काय? इथे त्यांचा हात थांबला. मग बावीस वर्षांच्या सचोटीनं त्यांनी लिहिलं, 'हो.' लिहून झालं आणि डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तोंड धुवायला गेले.

अर्ध्या तासानं परत आले तर टेबल रिकामं. शिपाई सगळे फॉर्म गोळा करून टायपिस्टकडे देऊन आला होता. या टायपिस्ट बाईंचा नियम असा, की दिलेलं टाइप करायचं, वाचायचं नाही. साहेबांचा नियम असा, की टाइप केलेल्यावर सही करायची, वाचायचं नाही. इमारतीचा विमाही नेमका याच कंपनीचा. सावधानराव टायपिस्टकडे धावले तेव्हा लिफाफा टपालात पडला होता. साहेबांना सांगावं तर खोटा दावा केला म्हणून नोकरी जाणार. न सांगावं तर पत्र पोचणार. ते खुर्चीत बसून राहिले. कुणीतरी विचारलं, बरं नाही का? त्यांनी मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात मोठ्या बाई. हातात पत्र.

सावधानराव दोन पावलं मागे सरले. बायको पुढे झाली, "या ना बाई, बसा."

"बसायला आले नाही," बाई म्हणाल्या. "हे पत्र मला आलंय. वारस नसल्यामुळे माझं मलाच पाठवलंय. 'आपल्या दुःखद निधनाबद्दल कार्यालय दिलगीर आहे. पुढील कार्यवाहीसाठी मृत व्यक्तीने मृत्यूचा मूळ दाखला घेऊन समक्ष हजर राहावे.' सोबत फॉर्मची नक्कल आहे. खाली भरणाऱ्याची सही आहे. ही तुमची का?"

"ह... हो."

"मी मेले याला माझी हरकत नाही. पण वेळ चुकली आहे. मी साडेसहाला नाही, सहा वीसला निघते."

"चुकलं, बाई," सावधानराव म्हणाले, आणि एकदा तोंड उघडल्यावर जाळी, रंगारी, लाल रेघ, पायजमा, देठ, सगळं भडाभडा बाहेर पडलं. बायको कपाळाला हात लावून बसली. बाई चष्म्यावरून बघत ऐकत राहिल्या.

"रकाना अकरा," त्या शेवटी म्हणाल्या. "टाळता आला असता, असं तुम्हीच लिहिलंय. मग टाळा. चला वर. सुरी घ्या."

अकरा वर्षांत पहिल्यांदा सावधानराव त्या दारातून आत गेले. खोली एकदम नीटनेटकी. टेबलावर एक ताट, एक पेला. गॅलरीच्या दाराला ही मोठी लोखंडी कडी. बाईंनी ती काढली तेव्हा खणकन असा आवाज झाला की सुरी हातातून निसटता निसटता राहिली.

"महिनाभर हे दार उघडलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "बाहेर सारखं काहीतरी खरवडायचं. मला वाटलं, जाळी धरून कुणी चढतंय."

सावधानरावांना आधी कळलंच नाही की त्यांनी काय ऐकलं. बाई घाबरल्या होत्या. पानं कठड्याला घासत होती आणि मोठ्या बाई, ज्यांना सेक्रेटरी घाबरतात, त्या आत कडी लावून बसल्या होत्या.

बाईंनी दोरीला बादली बांधून भोपळ्याखाली सोडली, एका हातानं दोरी धरली आणि दुसऱ्या हातानं सावधानरावांचा पट्टा. सावधानराव कठड्यावरून वाकले. खाली दरवाजा, फरशी, आणि फरशीवर कमरेवर हात ठेवून वर बघणारे सेक्रेटरी. "बाजूला व्हा!" सावधानराव किंचाळले. सेक्रेटरींनी सिगारेट टाकली आणि पळाले. देठ कापायला चार मिनिटं लागली. भोपळा बादलीत धप्पकन बसला, दोघांनी मिळून वर ओढला, आणि जमिनीवर टेकताच सावधानराव त्याच्या शेजारीच बसले. जीव भांड्यात पडला.

"तुमच्या ऑफिसला मी लिहीन," बाई म्हणाल्या. आणि खरंच त्यांनी असं पत्र लिहिलं की साहेबांनी घाईघाईनं शेरा मारून प्रकरण मिटवलं: 'मृत व्यक्तीच्या विनंतीवरून दावा मागे.'

पण सावधानराव उठून जायला निघाले तेव्हा बाई खुर्चीत बसलेल्या होत्या आणि पत्र अजून मांडीवर होतं.

"एक विचारू? वारस कोणी नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सावधानरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "कुणी नाही, बाई. कधी कुणी येताना दिसलं नाही, म्हणून..."

"बरोबर लिहिलंय. त्याबद्दल काही नाही." बाईंनी पत्राची घडी घातली. "पण हे परवा आलं, आणि मी दोन दिवस झोपले नाही. खरंच काही झालं तर असंच होईल ना. पत्रं येतील, दाराखाली पडून राहतील. मला मरणाची नाही, त्याची भीती वाटते." मग त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात, तुम्ही फार घाबरट आहात. खरं का?"

"हो, बाई."

"साधं काही झालं की तुम्हाला वाईटच सुचतं?"

"लगेच, बाई."

"मग मला तसाच माणूस हवा आहे. हे दार मी आता रोज सकाळी उघडेन. कडीचा आवाज खाली तुमच्याकडे ऐकू येईल. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी वर या. एवढं कराल?"

बावीस वर्षं ज्या गोष्टीला बायको हसली, ऑफिस हसलं, डॉक्टरांनी तर इलाज सांगितला, ती गोष्ट कुणीतरी मागून घेत होतं. सावधानरावांनी मान हलवली, आणि या वेळी ती होकारार्थीच होती.

तेव्हापासून रोज सकाळी ते गॅलरीत कान टवकारून बसू लागले. खणकन आवाज झाला की म्हणत, "झालं," आणि अंघोळीला जात. दोन आठवडे असे गेले. मग एका बुधवारी आवाज झाला नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. "उशिरा उठल्या असतील," बायको म्हणाली. पण सावधानराव ऐकायला तिथे नव्हतेच. ते अनवाणी, सदरा न घालता, भिंतीला हात न लावता, दोन-दोन पायऱ्या गाळत वर पोचले होते आणि दोन्ही मुठींनी दार बडवत होते. "बाई! बाई, दार उघडा! बाई!" कॅशियर बाहेर आले, सेक्रेटरी खालून धापा टाकत आले, कुणी म्हणालं कुलूप तोडा, कुणी म्हणालं डॉक्टर बोलवा. सावधानरावांनी दाराला खांदा लावला.

दार उघडलं. बाई हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"काय झालं?"

"कडी!" सावधानराव ओरडले. "कडी वाजली नाही!"

"अच्छा, ती. काल तेल घातलं तिला. फार अडकायची, हिसका द्यावा लागायचा."

सावधानरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळी इमारत जिन्यात उभी होती. पण त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

"तेल घातलंत?" ते कडाडले. "न विचारता तेल घातलंत? काही अक्कल आहे की नाही तुम्हाला? इथे माणसाचा जीव जायची वेळ आली आणि तुम्ही कडीला तेल घालता?"

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून सावधानरावांकडे पाहिलं, मग चष्मा काढला आणि टॉवेलानं पुसत राहिल्या. तो पुसून व्हायला बराच वेळ लागला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पुन्हा नाही घालणार."